वाचकांचे प्रश्न : सफरचंद घातलेला आयरिश पोर्क स्ट्यू

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये कॉर्क येथे राहतो. शेजारच्या आजींनी केलेला सफरचंद व प्रून (सुकवलेले आलुबुखार) घातलेला पोर्क स्ट्यू फार आवडला, म्हणून घरी करून पाहिला. खाटकाकडून चांगले महागाचे ‘पोर्क स्टेक’ आणले, गाला जातीची सफरचंदे सुरुवातीलाच घातली आणि घरात मद्य चालत नसल्याने सायडरऐवजी डबाबंद सफरचंदाचा रस वापरला. दोन तासांनी सफरचंदांचा लगदा झाला, रस्सा गोडमिट्ट लागला आणि मांस कोरडे, दोरखंडी राहिले. काय चुकले असावे?
– एक वाचक, कॉर्क

उत्तर : मांसापासून सुरुवात करू, कारण खरी अडचण तिथेच आहे. आयर्लंडमध्ये ‘पोर्क स्टेक’ म्हणून मिळतो तो पाठीच्या कण्यालगतचा अत्यंत कोवळा, जवळजवळ बिनचरबीचा भाग. तो थोड्याच वेळात शिजतो आणि दोन तास उकळला की त्यातला सगळा रस निघून जाऊन नुसते धागे उरतात. स्ट्यूसाठी खांद्याचे मांस मागावे. ते स्वस्त असते, दिसायला ओबडधोबड असते; पण त्यातील चरबी आणि चिवट पडदे मंद आचेवर हळूहळू विरघळून मांस मऊ करतात आणि रश्श्यालाही दाटपणा देतात.

एक किलो मांसाचे दीड इंची तुकडे करून कोरडे पुसावेत, मीठ, मिरपूड आणि चमचाभर मैदा चोळून जाड बुडाच्या पातेल्यात दोन खेपांत खरपूस परतावेत. सगळे एकदम घातल्यास पाणी सुटते आणि रंग येत नाही. त्याच पातेल्यात दोन कांदे व दोन गाजरे परतून, बुडाला धरलेले खरवडून, मांस परत घालावे. वर पाऊण लिटर द्रव (प्रमाण पुढे दिले आहे), थाईमच्या दोन काड्या आणि एक बे लीफ घालून झाकण ठेवावे. कडेला एखादाच बुडबुडा येईल इतक्या बारीक आचेवर दीड ते दोन तास शिजू द्यावे. खदखदू देऊ नये.

आता फळांचे. या पदार्थात फळ गोडीसाठी नसून चरबीचा जडपणा कापणाऱ्या आंबटपणासाठी असते. गोव्यात पोर्क विंदालूमध्ये व्हिनेगर जे काम करते, तेच येथे सफरचंद करते. म्हणून गालासारखे खाण्याचे गोड सफरचंद या कामाचे नाही. तुमच्याकडच्या दुकानांत ब्रॅम्ली नावाचे मोठे, हिरवट, कच्चे खाल्ल्यास दात आंबवणारे सफरचंद मिळते, ते घ्यावे. उत्तर आयर्लंडमधील आर्मा परगण्यात ही जात १८८४ साली आली आणि तेथील ब्रॅम्लीला २०१२ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकनही मिळाले. शिजल्यावर ते पार विरघळते, आणि हा दोष नव्हे, उलट त्यानेच रस्सा अंगासरशी होतो. एक ब्रॅम्ली सोलून, चिरून मांसाबरोबरच घालावे. फोडी दिसायला हव्या असतील तर ग्रॅनी स्मिथच्या जाड फोडी लोण्यावर परतून शेवटच्या पंधरा मिनिटांत घालाव्यात.

प्रूनचा आग्रह मी धरणार नाही. ते आयर्लंडच्या मातीतले नाहीत, व्यापारातून आलेले आहेत. आवडत असतील तर सात-आठ पुरेत, तेही शेवटच्या अर्ध्या तासात.

सायडर टाळायचे असल्यास डबाबंद रस एकटा वापरू नये. तो आटतो तसतशी त्यातली साखर दाट होत जाते आणि रस्सा मुरंब्याकडे झुकतो. पाव लिटर रस, अर्धा लिटर बिनमिठाचे अळणी पाणी (मांस-हाडे उकळून काढलेले) आणि एक मोठा चमचा सफरचंदाचे व्हिनेगर असे प्रमाण ठेवावे. मीठ आणि आंबटपणा अगदी शेवटी चाखून पाहावा. रस्सा गोडच वाटला तर आणखी अर्धा चमचा व्हिनेगर आणि थोडी मोहरीची पेस्ट घालावी, पाणी वाढवू नये.

सोबत लोणी, दूध आणि कांद्याची पात घालून कुस्करलेले बटाटे असावेत, ज्यांना तिकडे ‘चॅम्प’ म्हणतात. शक्य असल्यास स्ट्यू आदल्या दिवशी करून थंड ठेवावा, म्हणजे वर गोठलेली जादा चरबी चमच्याने सहज काढता येते. फोडी मात्र दुसऱ्या दिवशी गरम करतानाच घालाव्यात.