रात्री उठल्या तर काय करता?

"मॅडम, आईला ठेवायचं तर आहे, पण सेंटर चांगलं आहे की नाही हे कळणार कसं?" डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्यांच्या घरच्यांकडून हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो, आणि जवळपास दर वेळी त्याच्या पोटात अजून एक प्रश्न असतो, की मी आईला टाकून तर देत नाहीये ना. हा दुसरा प्रश्न मोकळा झाल्याशिवाय पहिल्याकडे धड बघता येत नाही असं माझं मत झालंय, पण लोकांना घाई पहिल्याची असते आणि त्यांचंही बरोबर आहे, घरी आजची रात्र काढायची असते.

ह्या ताई आल्या (ओळख पटेल असं सगळं बदललंय) तेव्हा पाच सेंटर्स बघून झाली होती. बसल्या बसल्या लॅपटॉप उघडून एक्सेल शीटच दाखवली. खोली, बाग, डॉक्टरांची व्हिजिट, सीसीटीव्ही, फी, घरापासून अंतर, सगळ्याला दहापैकी मार्क. आणि टोटल पाचही जणांची ३८ ते ४१ च्या मधे, म्हणजे एवढं करून ठरत काहीच नव्हतं. भाऊ परगावी. तो फोनवर म्हणायचा ज्याला जास्त मार्क तिथे ठेवून टाक, आणि फोन ठेवता ठेवता म्हणायचा घरीच राहिली असती तर बरं झालं असतं. (अशा भावांवर एकदा वेगळं लिहायचंय, आत्ता राहू दे.)

मी विचारलं, ह्या शीटमधे आई कुठे आहेत?

त्या जरा वैतागल्याच. मग हळूहळू सांगायला लागल्या. आजी, म्हणजे ताईंची आई, नर्स होत्या, तीस वर्षं, आणि त्यातली बरीचशी नाईट ड्युटी. अल्झायमरचं (डिमेन्शियाचाच एक प्रकार) निदान होऊन चार वर्षं झालेली. आता रात्री दोनच्या सुमाराला उठतात, घरभर फिरतात, झोपलेल्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघतात, एकदा तर कडी काढून जिना उतरून खाली गेल्या, तेव्हापासून ताई दाराला पाठ लावून गादी टाकून झोपतात, म्हणजे झोपत नाहीतच. आठ महिने असं चाललेलं. हे सांगताना त्या रडल्या नाहीत, पण दोनदा विसरल्या की काय सांगत होतो.

मग मी म्हटलं, तुमचा प्रश्न एकच आहे, रात्री उठल्या तर काय करता. पाचही ठिकाणी हेच विचारा आणि जे उत्तर मिळेल ते त्यांच्याच शब्दात लिहून आणा.

उत्तरं बघा. दोन ठिकाणी सांगितलं, काळजी करू नका, आमच्याकडे सगळे छान झोपतात. आता इतके डिमेन्शियाचे लोक एका छताखाली आणि सगळे रात्रभर छान झोपतात, हे ऐकून मला तर काळजीच वाटते. एका ठिकाणी सांगितलं, दाराला लॉक असतं. एक जण सरळ म्हणाला, गोळी देतो.

गोळीबद्दल थोडं. शांत करण्यासाठी ज्या अँटीसायकॉटिक (मुळात भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजारांवरच्या) गोळ्या देतात त्यांनी डिमेन्शिया असलेल्या वयस्कर माणसांमधे मृत्यूचा धोका वाढतो, आणि तशी ठळक वॉर्निंग अमेरिकेच्या एफडीएनी (औषधांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) नवीन प्रकारच्या गोळ्यांवर २००५ मधे आणि जुन्यांवर २००८ मधे टाकायला लावलेली आहे. ल्युई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर ह्यातल्या काही औषधांनी माणूस अचानक फार खालावू शकतो. म्हणजे गोळी कधीच नको असं नाही, काही वेळा लागते, पण ती कोणी लिहून दिली, किती दिवसांनी परत तपासणार, घरच्यांना विचारणार का, हे सेंटरला सांगता आलं पाहिजे. आणि काल बरा असलेला माणूस आज एकदम बिथरला तर आधी युरिन इन्फेक्शन आहे का, कुठे दुखतंय का, पोट साफ झालंय का हे बघणार की आधी गोळी, हेही विचाराच.

पाचव्या ठिकाणी मॅनेजर बाईंनी उत्तर दिलंच नाही, उलट विचारलं, "उठून कुठे जातात त्या?"

ताई ते सांगून पुढे जात होत्या, मीच थांबवलं.

दुसरं काम मी दिलं की आता ह्यातल्या दोन ठिकाणी न कळवता संध्याकाळी जा. त्यांच्या सगळ्या व्हिजिट्स सकाळी अकराच्या, अपॉइंटमेंट घेऊन, आणि अकराला कुठलंही सेंटर चांगलंच दिसतं. डिमेन्शियात दिवस कलला की अस्वस्थपणा वाढतो बऱ्याच जणांचा, सनडाऊनिंग म्हणतात त्याला, घरी जायचं, मुलं शाळेतून आली असतील, असं सगळं तेव्हाच सुरू होतं. तर ४१ मार्कवाल्या सेंटरमधे, जिथला हॉल हॉटेलसारखा होता, तिथे साडेपाचला बाराएक जण टीव्हीसमोर ओळीनी बसवलेले, निम्मे मान टाकून झोपलेले, एकदम शांतता. पाचव्या ठिकाणी एक आजोबा दारापाशी उभे राहून घरी सोडा म्हणून ओरडत होते. तिथली अटेंडंट त्यांना "हेच तुमचं घर" वगैरे म्हणाली नाही, तिनी विचारलं घरी कोण वाट बघतंय, आणि त्यांच्याबरोबर चालायला लागली, ते ओरडतच होते, ही चालतच होती, तीन फेऱ्या झाल्यावर ते बसले. ताईंनी ओरडण्याबद्दल त्या सेंटरचे दोन मार्क कापले होते!

बाकीचं मग आम्ही पटापट उरकलं. रात्री किती लोकांमागे किती स्टाफ, त्यातले वर्षभर टिकलेले किती. आंघोळीला नाही म्हटलं तर काय करतात, हात धरून नेतात की तासाभरानी परत विचारतात. पडल्यावर फोन कधी येतो. बाथरूमपाशी काळी पायपुसणी आहेत का, कारण ती अशा माणसाला खड्ड्यासारखी दिसू शकतात आणि तो तिथेच अडतो, मग लोक म्हणतात हट्टी आहे. आणि कॉन्ट्रॅक्टमधलं एक वाक्य जे कोणीच वाचत नाही, कुठल्या परिस्थितीत ते माणसाला परत न्यायला सांगतील. हात उगारला तर? अंथरुणाला खिळल्या तर? शेवटपर्यंत ठेवतात की नाही? हे आज विचारायला जड जातं, पण तेव्हा चार दिवसांच्या मुदतीत नवीन जागा शोधणं त्याहून जड जातं.

टाकून देण्याचा विषय त्यांनी तिसऱ्या सेशनला काढला. मी समजूत घातली नाही, विचारलं की तुम्ही आत्ता आईची मुलगी आहात का नाईट वॉचमन? बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, वॉचमन, आणि तोही झोपेला आलेला, परवा मी तिच्यावर हात उचलला होता. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

पाचवं ठरलं. ॲडमिशनच्या आधी मी त्यांच्याकडून आईंबद्दल एक पान लिहून घेतलं, मेडिकल हिस्टरी नाही, त्यांना काय म्हटलेलं आवडतं, कशानी चिडतात, रात्री उठल्यावर काय शोधत असतात, असं. "सिस्टर" म्हटलं की शांत होतात, हे त्यात पहिलं होतं. सुरुवातीचे दोन आठवडे वाईट गेले, आजी जेवायच्या नाहीत, ताई रोज परत आणायला निघायच्या. मग रात्रपाळीची अटेंडंट त्यांना हातात टॉर्च देऊन राऊंडला घेऊन जायला लागली, एक चक्कर झाली की येऊन पडायच्या. रोज नाही. पण बऱ्याचदा.

दोनेक महिन्यांनी ताईंनी मला त्या पानाचा फोटो पाठवला, आजींच्या फाईलला लावलेलं होतं. खाली दुसऱ्या अक्षरात पेननी एक ओळ जास्तीची होती, 'डाव्या बाजूनी जवळ गेलं तर दचकतात, उजवीकडून जावे.' ताईंनी खाली लिहिलेलं, मॅडम, हे मला माहितीच नव्हतं, घरी तिचा पलंग उजवीकडून भिंतीला लावलेला होता.