नव्वद दिवस भरायच्या आत आईंनी हक्काच्या पत्रावर सही करावी

तुम्ही विचारता डिपॉझिट किती परत मिळेल. ते नंतर बघू. तुम्ही पाठवलेल्या 34 पानी कराराचं 19वं पान आधी उघडा.

पुण्याजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत तुमच्या आई स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर 2 ऑगस्टला त्यांना असिस्टेड लिव्हिंगच्या, म्हणजे रोजच्या कामांना मदत मिळते त्या विंगमध्ये हलवलं, ‘तात्पुरतं’ म्हणून. आता व्यवस्थापन संमतीपत्र आणि फ्लॅटची किल्ली मागतंय. 19व्या पानावर लिहिलंय, तिथला मुक्काम सलग 90 दिवस झाला की स्थलांतर कायमचं समजलं जाईल आणि फ्लॅट दुसऱ्याला देता येईल. 30 ऑक्टोबरला नव्वद दिवस भरतात. ‘तात्पुरतं’ हा शब्द एकाही कागदावर नाही, आणि हलवतानाच्या फॉर्मवर तुम्ही तारीख कोरी ठेवून सही केलीत! अशा कोऱ्या तारखा मी किती पाहिल्या, आणि दर वेळी म्हाताऱ्या माणसाचं घर जातं.

संमतीपत्रावर सही करू नका, किल्ली देऊ नका. पेस्ट कंट्रोलला हवी म्हणाले तर स्वतः जाऊन दार उघडा. फ्लॅटचं मासिक शुल्क मात्र एक दिवसही थकवू नका.

याच आठवड्यात आईंच्या सहीचं पत्र द्या: मुक्काम तात्पुरता आहे, फ्लॅटवरचा हक्क सोडलेला नाही, आणि परत जाता येईल का हे माझ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या तपासणीनंतर ठरावं. एक प्रत ऑफिसात देऊन आवक शिक्का घ्या, एक ईमेलने पाठवा. सही आईंचीच हवी, करार त्यांच्या नावावर आहे. डॉक्टर हो म्हणाले तर केअरटेकर ठेवून दोन रात्री फ्लॅटवर राहू द्या. त्याने ‘सलग’ तुटतं की नाही यावर वाद होईल, तरी करा.

आईंची बुद्धी शाबूत आहे, तोवरच हे सोपं आहे. बुद्धी गेली तर करार कायद्याच्या कलम 201 नुसार तुमचं कुलमुखत्यारपत्रही संपतं, मग पालक नेमून घ्यायला बहुधा हायकोर्ट गाठावं लागेल.

करारातली ‘आमच्या डॉक्टरांचं मत अंतिम’ ही अट 2019 च्या ग्राहक कायद्यात अनुचित करार ठरू शकेल. ती तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे जाते, मुदत दोन वर्षं. निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, पण माझ्या अशिलांना नुसत्या तारखा मिळतात. म्हणून तक्रारीसोबतच निकाल लागेपर्यंतचा अंतरिम आदेश मागा.

आवक शिक्का मारलेली प्रत मला पाठवा, मग डिपॉझिटच्या कपातीचं बोलू.