हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ कादंबरीत व्यभिचाराची शिक्षा भोगणारी हेस्टर तगते, मग त्या पापातला तिचा लपलेला साथीदार, धर्मगुरू डिम्सडेल, का खचतो?

कारण तिची शिक्षा चव्हाट्यावर आहे, त्याचं पाप आतल्या आत कुजतं. शिक्षा म्हणून छातीवर मिरवावं लागणारं लाल ‘ए’ (‘अ‍ॅडल्टरी’, म्हणजे व्यभिचार) हेस्टरने स्वतः सोनेरी धाग्याने भरलंय आणि त्याच सुईवर ती पोट भरते. (गावाला तिचं भरतकाम चालतं, फक्त नवरीची पांढरी ओढणी कुणी भरायला देत नाही. किती क्रूर!) अकराव्या प्रकरणात डिम्सडेल प्रवचनातून स्वतःला महापापी म्हणवतो, पण नेमकं पाप सांगत नाही, लोक त्याला आणखीच संत मानतात. तिथेच तो अडकतो. प्रकरण २-३, १२ आणि २३ सलग वाचा: गुन्हेगारांना उभं करायचा चौथरा तोच. आधी हेस्टर भरदिवसा गर्दीसमोर, मग डिम्सडेल रात्री चोरून, शेवटी सगळ्यांदेखत कबुली आणि मृत्यू.