फोन गाडीच्या स्क्रीनला जोडला जात नाही. गाडी परत करता येईल का?

प्रश्न : सव्वा वर्षापूर्वी मी नवी गाडी घेतली. वरचं व्हेरिएंट मुद्दाम निवडलं, कारण माहितीपत्रकात वायरलेस अँड्रॉइड ऑटो (फोनचे नकाशे, गाणी, कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) असल्याचं लिहिलं होतं आणि सेल्समननं माझाच फोन डेमो गाडीला जोडून दाखवला होता. वर्षभर सगळं व्यवस्थित चाललं. फोनला सॉफ्टवेअरचं मोठं अपडेट आलं आणि तेव्हापासून फोन स्क्रीनला जोडलाच जात नाही. जोडला गेला तर दोन मिनिटांत तुटतो. केबल लावली तर नुसतं चार्जिंग होतं. सर्व्हिस सेंटर म्हणतं फोन खराब आहे, फोन कंपनीचे लोक म्हणतात गाडी दाखवा. गाडीची वॉरंटी अजून चालू आहे. मला गाडी परत देऊन पूर्ण पैसे हवे आहेत. तोपर्यंत कर्जाचे हप्ते थांबवले तर चालेल का? आणि फोन बिनवायरीनं जोडून देणारं बाहेरचं डोंगल (यूएसबीत खोचायचं छोटं यंत्र) बसवलं तर वॉरंटी जाते का?

उत्तर : हप्ते थांबवू नका. तुमच्या पत्रातली सर्वांत धोक्याची गोष्ट ही आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा. स्क्रीन चालेल असं बँकेनं तुम्हाला कधी सांगितलेलं नाही, त्यामुळे गाडीतला दोष दाखवून तिचा हप्ता अडवता येत नाही. हप्ते थकवलेत तर दंड लागेल, क्रेडिट स्कोअर पडेल आणि गाडी बँकेकडे तारण असल्यामुळे ती ओढून नेण्यापर्यंत पाळी येऊ शकते. शिवाय उद्या ग्राहक आयोगापुढे समोरचा वकील हेच पुढे करेल : तक्रारदारांना हप्ते झेपत नव्हते, म्हणून हा खटाटोप.

गाडी परत देऊन पूर्ण रक्कम मिळण्याबद्दलही स्पष्ट बोलतो. फक्त या तक्रारीवर तसा आदेश होईल असं मला वाटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 39 मध्ये दोष दूर करणं, वस्तू बदलून देणं, किंमत परत करणं, नुकसानभरपाई देणं हे सगळे आदेश आयोगाला देता येतात, हे खरं. पण मारुती उद्योगच्या 2006 च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं असं ठरवलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असेल, तर तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. तिथं तर क्लचची तक्रार होती, आणि क्लचशिवाय गाडी चालत नाही. तुमची गाडी धावते, थांबते, वळते. तेव्हा मागणी अशी ठेवा : स्क्रीनचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून जोडणी सुरू करून द्या, ते जमत नसेल तर युनिट बदला, आणि तेही जमत नसेल तर या सोयीपोटी घेतलेल्या रकमेचा वाजवी परतावा, त्रासाची भरपाई आणि खर्च द्या. एवढी मागणी आयोगाला पटण्यासारखी आहे. पूर्ण किमतीचा हट्ट धरलात तर तक्रारीतला खरा भागही अतिशयोक्तीसारखा दिसायला लागेल.

काही वाचकांना याच कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं प्रकरण, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई देणारा भाग, आठवेल आणि कंपनीवर त्याखाली दावा ठोकावासा वाटेल. तो मार्ग इथं बंद आहे. त्या प्रकरणासाठी 'हानी' व्हावी लागते, आणि कायद्यातल्या व्याख्येनं खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान त्यातून वगळलं आहे. तुमची बाजू उभी राहते ती 'दोष' या शब्दावर.

कलम 2(10) मधली व्याख्या ग्राहकाच्या बाजूनं चांगलीच रुंद आहे. कायद्यानं किंवा करारानं जो दर्जा राखायला हवा त्यातली उणीव हा दोष आहेच. पण विक्रेत्यानं कोणत्याही प्रकारे जो दर्जा असल्याचा दावा केला असेल, त्यातली उणीवही दोषच. म्हणून माहितीपत्रक, कंपनीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हेरिएंटच्या वैशिष्ट्यांचा तक्ता, सेल्समनचे व्हॉट्सॲप संदेश, सगळं जपा. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'जोडणी फोनच्या मॉडेलवर आणि सॉफ्टवेअरवर अवलंबून' अशी ओळ असते, ती शोधा. ती असेल तर तुमचा दावा थोडा कमजोर होतो, संपत मात्र नाही. कारण ती ओळ एखाद्या फोनपुरती ढाल आहे. कुठलाच फोन जोडला जात नसेल तर तिचा कंपनीला काही उपयोग नाही.

सेल्समननं डेमो दाखवला, तेव्हा तोंडी आश्वासन दिलं असेल तर ते प्रथम डीलरला बांधतं. टाटा मोटर्सच्या 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की उत्पादक आणि डीलर यांचा व्यवहार दोन स्वतंत्र पक्षांमधला असेल, तर डीलरच्या वागणुकीची जबाबदारी उत्पादकाला माहिती किंवा सहभाग असल्याशिवाय त्याच्यावर टाकता येत नाही. छापील माहितीपत्रक मात्र उत्पादकाचंच असतं. म्हणून तक्रारीत दोघांनाही पक्ष करा आणि कोणाचं काय चुकलं ते वेगवेगळं लिहा.

आता या सगळ्या भांडणाचा गाभा : दोष नेमका कोणाचा? उत्पादनात दोष आहे हे दाखवण्याचा भार तुमच्यावर आहे, आणि 'फोन जोडला जात नाही' हे वाक्य दोन्हीकडे सारखंच बोट दाखवतं. हा गुंता सोडवायला वकील लागत नाही. घरातला किंवा मित्राचा दुसऱ्या कंपनीचा फोन तुमच्या गाडीला जोडून पाहा, आणि तुमचा फोन त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीला. डीलरकडची डेमो गाडी यासाठी उत्तम, कारण तिथं साक्षीदार डीलरचाच माणूस असतो. तुमच्या गाडीत तीन वेगवेगळे फोन अडले तर दोष गाडीकडे झुकला. तुमचा फोन दोन-तीन गाड्यांत अडला तर फोनकडे. तुमच्या गाडीत बाकीचे फोन चालतात, दुसऱ्या गाडीत तुमचा फोन चालतो, आणि ही जोडीच तेवढी जुळत नाही, असं निघालं तर मामला सुसंगततेचा आहे. तेव्हा तुमची कायदेशीर बाजू सर्वांत नाजूक असते आणि उपाय बहुधा दोघांपैकी एकाच्या पुढच्या अपडेटमध्ये असतो.

त्याआधी साध्या गोष्टी उरकून घ्या, नाहीतर समोरचा त्याच काढेल. बाजारातल्या बऱ्याच केबल्स फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. तुमचं 'नुसतं चार्जिंग होतं' हे लक्षण तंतोतंत तेच सांगतं. फोनसोबत आलेली किंवा डेटाची खात्री असलेली केबल लावा. गाडीतल्या दोन-तीन यूएसबी सॉकेटपैकी बऱ्याचदा एकच स्क्रीनला जोडलेलं असतं, बाकीची चार्जिंगपुरती. फोनच्या पोर्टमध्ये खिशातला कचरा साचलेला असतो, तोही काढा. मग गाडीच्या यादीतून फोन आणि फोनच्या यादीतून गाडी, दोन्ही पुसून नव्यानं जोडा. एकाच बाजूनं पुसलं तर जुनी खूण राहते. फोनमध्ये व्हीपीएन किंवा बॅटरी सेव्हर चालू असेल तर बंद करून पाहा. स्क्रीनवरची तारीख आणि वेळ बरोबर आहे का तेही बघा, कारण ती चुकली तर दोन यंत्रांमधली सुरक्षा-तपासणी फसू शकते. आयफोन वापरणाऱ्या वाचकांनी सिरी चालू आहे का आणि स्क्रीन टाइमच्या निर्बंधांत कारप्ले (आयफोनची हीच सोय) बंद झालं आहे का, एवढं पाहावं.

सर्व्हिस सेंटरमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येईल : 'ब्लूटूथवरून कॉल लागतात ना, मग सिस्टिम ठीक आहे.' हे मान्य करू नका. वायरलेस अँड्रॉइड ऑटोत ब्लूटूथ केवळ ओळख पटवण्यापुरतं असतं. नकाशा, आवाज आणि स्क्रीनवरचं चित्र हे सगळं गाडीच्या वाय-फायवरून, सहसा 5 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावरून जातं. साधे कॉल ब्लूटूथच्या वेगळ्या वाटेनं लागतात. त्यामुळे कॉल लागणं हा वाय-फायचा भाग ठीक असल्याचा पुरावा होत नाही. तुमचा फोन जोडला जाऊन दोन मिनिटांत तुटतो, यावरून मला तरी संशय तिकडेच जातो. 'सिस्टिम ठीक आहे' हे त्यांचं वाक्य जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, लेखी द्यायला सांगा. बहुतेक वेळा ॲडव्हायझर (गाडी ताब्यात घेणारा तिथला माणूस) मग वाय-फाय मॉड्यूलही तपासायला घेतो.

जॉब कार्ड हाच तुमच्या प्रकरणाचा कणा. तक्रारीच्या रकान्यात ॲडव्हायझर 'म्युझिक सिस्टिम चेक करणे' असं काहीतरी खरडतो. तिथं तुमच्या शब्दांत लिहून घ्या : 'अमुक मॉडेलचा, अमुक सॉफ्टवेअरचा फोन वायरलेस आणि केबल दोन्ही प्रकारे जोडला जात नाही, आणखी दोन फोन वापरून पाहिले, तोच अनुभव.' स्क्रीनच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आधी काय होती आणि नंतर काय झाली तेही नोंदवून घ्या. गाडी परत घेताना 'काम समाधानकारक' अशा छापील ओळीखाली सही करू नका. केलीच तर वर 'दोष कायम' असं हातानं लिहा आणि फोटो काढा. 'दोष आढळला नाही' असा शेरा मिळाला तर घाबरू नका. लागोपाठचे तसे शेरे आणि तेवढेच तुमचे व्हिडिओ समोरासमोर ठेवले की शेऱ्याची किंमत कमी होते. एक व्यवहाराची गोष्ट : फोन अनलॉक करून कोणाच्या हाती देऊन चहाला जाऊ नका, आणि गाडी सोडताना स्क्रीनमध्ये उतरलेली संपर्कयादी पुसून टाका.

व्हिडिओ एका दमात, कापाकापी न करता घ्या. आधी ओडोमीटर, मग फोनच्या सेटिंगमधलं मॉडेल आणि आवृत्ती, मग केबल किंवा जोडणीचा प्रयत्न आणि स्क्रीनवरची चूक. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवली की ती दाबली जाते आणि बदलते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी तिची अंकाक्षरी खूण) द्यावं लागतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांत फार काटेकोर नसतात, तरीही प्रमाणपत्र जोडावं असं मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो. दोन पानांच्या कागदासाठी अपिलात अडकायचं कशाला?

बिलंही एकदा उघडून बघा. स्क्रीन कारखान्यातून बसून आली आहे, की डीलरनं वेगळ्या ॲक्सेसरी बिलावर बसवली आहे? दुसरा प्रकार असेल तर गाडीची वॉरंटी तिला लागू नसण्याची शक्यता आहे, आणि त्या ॲक्सेसरीच्या उत्पादकालाही पक्ष करावं लागेल. तुम्ही व्हेरिएंटमधली सोय म्हणता, त्यावरून ती कारखान्यातलीच वाटते.

एवढं जमलं की डीलर आणि उत्पादक दोघांना ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवा. पंधरा दिवसांची मुदत द्या. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. अनेक कंपन्या तिथल्या तक्रारीला सर्व्हिस सेंटरपेक्षा लवकर उत्तर देतात. तरीही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, शोरूम कुठंही असो. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाचा अधिकार. शुल्क किमतीवर ठरतं : 5 लाखांपर्यंत काही नाही, 10 लाखांपर्यंत 200, 20 लाखांपर्यंत 400 आणि 50 लाखांपर्यंत 1,000 रुपये. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. तपासणी हवी असेल तर कलम 38 खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागेल. कायद्यानं निकाल तीन महिन्यांत, तपासणी असल्यास पाच महिन्यांत अपेक्षित आहे. वास्तव त्याहून लांबतं, म्हणून मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर झिडकारू नका. अशा प्रकरणांत युनिट बदलून मिळणं बऱ्याचदा तिथंच ठरतं.

मुदत दोन वर्षांची आहे, वादाचं कारण घडल्यापासून. तुमच्या बाबतीत जोडणी बंद पडली ती तारीख धरून चला. 'कंपनीशी पत्रव्यवहार चालू होता' म्हणून ही मुदत आपोआप वाढत नाही, आणि अनेक चांगल्या तक्रारी इथंच बुडतात.

फोन कंपनीलाही ओढावं का? चाचण्यांत फोन निर्दोष ठरला तर नको. चाचण्यांनंतरही खरोखरच कळत नसेल की कोणाकडून दाद मागावी, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1, नियम 7 चं तत्त्व दोघांनाही पक्ष करायला मुभा देतं. संहिता आयोगाला जशीच्या तशी लागू नाही, पण युक्तिवाद करता येतो. माझा कल नको म्हणण्याकडे आहे : दोन खरेद्या, दोन करार, आणि एकमेकांवर ढकलणारे दोन वकील, यात तुमचीच तारीख पुढे जाते.

राहता राहिलं डोंगल. यूएसबीला नुसतं खोचायचं आणि काढायचं असेल, वायर कापायची नसेल, तर तेवढ्यानं गाडीची वॉरंटी जाते असं म्हणणं टिकणं कठीण आहे. नुकसान त्या डोंगलमुळेच झालं हे कंपनीला दाखवावं लागेल. स्क्रीनमागचं हार्नेस (वायरांचा जुडगा) कापून काही बसवलंत तर मात्र विद्युत भागांची वॉरंटी नाकारायला तिला सबळ कारण मिळेल. वॉरंटी पुस्तिकेतलं वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. आणि हे लक्षात असू द्या की डोंगल केबलच्या वाटेनंच चालतं. तुमची केबलची जोडणीही बंद आहे, तेव्हा ती सुरू होईपर्यंत डोंगल घेऊन काही होणार नाही. नंतर घेतलंत तर सर्व्हिस सेंटरला जाताना ते काढून घरी ठेवा.