आई तेच तेच विचारते. वहिनी म्हणते काहीतरी बिनसलंय, भाऊ म्हणतो वय झालंय. डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, आहे का हे कसं कळेल, आणि मराठवाड्यात कुठं दाखवावं?

वहिनीचं खरं माना. तुमच्या आईला मी पाहिलेलं नाही, तरी हे सांगते.

वयामुळं होतं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, मग गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना का होत नाही? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं. म्हणजे नव्वदहून जास्त जणांना तो नाही. किल्ली कुठं ठेवली हे विसरणं वेगळं आणि किल्ली हातात घेऊन हिचं काय करायचं हे न सुचणं वेगळं.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. सासूबाई माळकरी, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण अख्ख्या घराचा हिशेब तोंडपाठ. येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाची, भज्जी त्यांच्याच हातची, भावकीतल्या बायका येऊन विचारून जायच्या. एका येळवशीला चुलीपुढं बसल्या, ओल्या तुरीचे दाणे निवडून ठेवलेले, बेसन कालवलेलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता काय घालू ग?" मला तिथंच कळलं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाले, दमली असेल.

त्यानंतर बोरमाळ हरवली. सासूबाईंनी दारात उभं राहून सांगितलं, "हिनंच नेली माहेरी." पुण्याहून मोठे दीर आले, जाऊबाई आल्या, आणि माझ्या माहेरी फोन गेला. माझ्या वडिलांना त्या वयात ऐकून घ्यावं लागलं. बोरमाळ पुढं ज्वारीच्या कणगीत सापडली, तेव्हा कोणी माझ्या माहेरी परत फोन केला नाही.

दीर वर्षातून दोनदा यायचे, दोन दिवस राहायचे. त्या दोन दिवसांत सासूबाई नीट बोलायच्या, जुन्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायच्या, नातवंडांची नावं घ्यायच्या. पाहुण्यांपुढं पेशंट सावरून घेतो, आणि जुनं तर या आजारात बराच काळ टिकतं. जातं ते सकाळचं, कालचं. दिरांना ते दिसणार कसं? ते म्हणायचे, "आईला सगळं आठवतंय, सूनच कागाळ्या करायलीय." पहिल्या डॉक्टरकडं गेलो तेव्हा तेच पुढं होऊन बोलले. मला बाहेर बाकावर बसवलं. चिठ्ठीवर ताकदीचं औषध आणि झोपेची गोळी आली. त्या गोळीनं सासूबाई रात्री उठून धडपडायला लागल्या.

पुढं लातूरला एका डॉक्टरबाईंकडं दाखवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यांच्यासोबत दिवसभर घरात कोण असतं?" नंतर मला एकटीला बसवून सगळं ऐकलं: कधीपासून, हळूहळू की एकदम, पैशाचा व्यवहार जमतो का, स्वयंपाक, अंघोळ, रस्ता. निदानाचा निम्मा भार याच माहितीवर असतो. मग सासूबाईंची तपासणी. तारीख विचारली नाही, पुढची अमावस्या कधी आणि गावाचा बाजार कोणत्या वारी ते विचारलं. पाचशेच्या नोटेतून एकशे ऐंशीचं सामान घेतलं तर किती परत, हेही विचारलं. जिला लिहिता येत नाही तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावून नापास करण्यात काय अर्थ आहे? रक्तात थायरॉईड, बी-१२, साखर, सोडियम बघितलं, कारण यातल्या बिघाडानंही असंच विसरायला होतं आणि ते दुरुस्त होतं. नैराश्यानंही होतं. मेंदूचा एमआरआय झाला. बी-१२ कमी निघालं, आमच्या घरात माळ, मांसमच्छी नाही, त्यामुळं नवल नव्हतं. इंजेक्शनं दिली, थकवा गेला, विसरणं गेलं नाही. निदान अल्झायमरचं झालं, डिमेन्शियाचा हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. झोपेची गोळी त्यांनी त्याच दिवशी बंद केली.

दिरांपुढं डॉक्टरबाईंनी सांगितलं, की चोरीचा आळ या आजारात फार वेळा येतो. ठेवलेली जागा आठवत नाही, मग कुणीतरी नेलं असं वाटतं, आणि जे माणूस सगळ्यात जास्त सेवा करतं त्याच्यावरच बोट जातं. दीर गप्प बसले. माझी माफी आजतागायत मागितलेली नाही.

आता तुमचं. लातूर, अंबाजोगाई, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, जवळ असेल त्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी गाठा. न्यूरॉलॉजिस्ट असला तर चांगलंच, पण मनोविकारतज्ज्ञही हे निदान करतात, त्यात वेडाचा शिक्का वगैरे काही नाही. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आणि मराठीत बोलता येतं. आई यायला तयार नसेल तर बीपी-शुगर दाखवून येऊ म्हणा, ते खोटंही नाही, तेही तपासतातच. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. देवऋषाकडं आधी जायचा आग्रह कोणी धरला तर ऐकू नका.

आणि डॉक्टरांपुढच्या खुर्चीत वहिनीला बसवा. भावाला यायचं तर येऊ द्या, पण बोलू तिला द्या. घरी आईनं तिच्यावर काही आळ घेतला असेल, तर भावकीत पसरायच्या आत तुम्ही स्वतः वहिनीच्या माहेरी फोन करा.

मी डॉक्टर नाही, हे आमच्या घरापुरतं आहे. गोळ्यांनी आजार बरा होत नाही. डोनेपेझिलनं काहींना काही काळ उपयोग होतो, काहींना मळमळ आणि जुलाब होतात, नाडी मंदावते, म्हणून विचारल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नका. लवकर निदानाचा फायदा असा, की जमिनीचं, बँकेचं आईला काय हवंय ते तिलाच सांगता येतं. आणि हे सगळं महिन्यामहिन्यांनी वाढत गेलेल्या विसराळूपणाबद्दल आहे. दोन-चार दिवसांत आई एकदम बरळायला लागली, ताप आला, लघवीला जळजळ आहे, किंवा पडून डोक्याला मार लागलाय, तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.