वेगात साउंडर बंद पडतो? मशीन नंतर, आधी होडीचा तळ बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की साउंडर, म्हणजे पाण्याची खोली दाखवणारं मशीन, नांगरावर असताना खोली बरोबर दाखवतो आणि सात-आठ नॉट पकडले की स्क्रीनवर नुसत्या रेघा, मग तोही आकडा गायब. अगदी हेच आमच्या होडीवर झालं होतं. तुमच्यासारखीच फायबरची, आत इंजिन, एक पंखा (प्रोपेलर).

नवीन सेट घ्यायच्या आधी एक करा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून उभ्या उभ्या इंजिन रेझ करा. रेघा आल्या तर प्रॉब्लेम वायरिंगचा, म्हणजे अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) किंवा व्हीएचएफ रेडिओची केबल ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे तळाला बसवलेल्या, आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी पकडणाऱ्या भागाच्या केबलला चिकटून गेलीय. नाही आल्या तर मग वेगात जाऊन एकदम न्यूट्रल करा. लगेच चित्र साफ झालं तर पंख्याचा आवाज, आणि होडी सरकतेय तोवर घाण दिसून वेग उतरल्यावरच साफ झालं तर तळाखालून बुडबुडे जातायत, म्हणजे ट्रान्सड्यूसरची जागा चुकलीय.

आमच्याकडे जागाच चुकली होती आणि ती निवडली कोणी तर कंपनीच्या अधिकृत माणसाने. इंजिनला समुद्राचं पाणी घेणारी जाळी असते ना, बरोबर तिच्या मागच्या रेषेत भोक पाडलं, कारण काय तर आतून हात घालायला सोपं. जाळीवरून फाटलेलं पाणी थेट ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर. नंतर त्या सर्व्हिस ऑफिसला (नाव घेत नाही) फोन केला की एकच, सेन्सिटिव्हिटी कमी करा, सॉफ्टवेअर अपडेट करा, सेट पाठवा. सेट पाठवला, ऐन सीझनला होडी आंधळी, आणि परत आला "ओके" शेरा मारून. ओके असणारच, टेबलावर कुठले बुडबुडे! होडी बघायला एक माणूस धक्क्यावर आला नाही. वर वॉरंटी नाकारली, का तर केबल कापून जोडलेली आहे. अहो, प्लग पार्टिशनच्या भोकातून जाईना म्हणून ती त्यांच्याच माणसाने कापली होती! म्हणून सांगतो, बसवणाऱ्याकडून काय केलं ते लिहून सही घ्या, आणि केबल अजिबात कापू देऊ नका, उरली तर गुंडाळून ठेवा.

आता माझं मत, मी काही इंजिनिअर नाही, तुमच्या सेटचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर ते ऐका. नाळेकडचा (होडीच्या पुढच्या टोकाकडचा) तिसरा हिस्सा सोडा, तिथे लाटेत हवा घुसते. पंख्यापासून जमेल तेवढं पुढे, पठाणाच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) जवळ पण त्याच्या आडोशाला नको, आणि समोरच्या रेषेत जाळी, पट्टी, बोल्ट काहीही नको. मागून बघताना पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजवी बाजू घ्या, तिकडे पातं खाली जातं. तळाला उतार असेल तर ठोकळा कापून ट्रान्सड्यूसरचं तोंड सरळ खाली करा, पण हा सरळपणा होडी पाण्यात जशी बसते त्यावरून मोजायचा, जमिनीवर टेकवलेल्या होडीवरून नाही.

भोकच नको असेल तर आतून चिकटवायचा ट्रान्सड्यूसर येतो. त्याला फायबर भरीव पाहिजे, मध्ये फोम किंवा बाल्सा (हलकं लाकूड) असेल तर विसरा. आधी प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती तळावर ठेवा, त्यात ट्रान्सड्यूसर बुडवून वेगात फिरून बघा, जिथे चांगलं दिसेल तिथेच इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या गोंदाने) चिकटवा, आणि त्यात हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. सिग्नल थोडा मरतो, पण खाडीत आणि वीस-पंचवीस वावापर्यंत मला तरी पुरतो. लाकडी होडीला आतून चालत नाही, तिथे भोक पाडून ब्राँझचाच, फळी फुगली की प्लास्टिक तडकतं.

अजून एक, होडी वर ओढताना ओंडके कुठे येतात तेही बघा, आमच्या शेजारच्याचा नवाकोरा ट्रान्सड्यूसर तसाच चिरडला. आणि तोंडावर थिनर लावू नका, रंग लावायचाच तर पाण्यात मिसळणारा अँटिफाउलिंग (तळाला शेवाळ, शिंपले चिकटू न देणारा रंग).

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की होडी वर येईलच, शाकारायच्या आधी तळाचा फोटो टाका. जाळी आणि ट्रान्सड्यूसर दोन्ही एकाच फोटोत दिसू देत, नाहीतर काही सांगता येणार नाही.