चार वेळा वाचलं तरी आठवत नाही

"मॅडम, चार-चार वेळा वाचतो हो, पण पेपरात काही म्हणता काही आठवत नाही त्याला." खुर्चीवर नीट टेकायच्या आतच नववीतल्या मुलाच्या आईने सुरुवात केली. सहामाहीचे निकाल लागले की ही तक्रार माझ्याकडे हमखास येते आणि तिच्यामागोमाग स्मरणशक्तीच्या औषधाची चौकशीही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा सेमी इंग्लिशचा. विज्ञानाचं पुस्तक मागितलं. गतीच्या नियमांचा पहिलाच धडा पिवळ्या हायलायटरने इतका रंगवलेला, की कोरी राहिलेली ओळच उठून दिसत होती. एक परिच्छेद त्याने घडाघडा वाचून दाखवला. मी पुस्तक मिटलं. "आता मराठीत सांग, डिस्टन्स आणि डिस्प्लेसमेंटमध्ये फरक काय?"

गप्प. मग व्याख्या म्हणू लागला, तीही अर्ध्यावर अडकली.

"बरं, तू घरून शाळेत गेलास आणि परत घरी आलास. डिस्प्लेसमेंट किती?"

"शून्य?" म्हणाला आणि स्वतःच हसला. बरोबर होतं. चाललेलं अंतर कितीही असो, निघालो तिथेच परत आलो की डिस्प्लेसमेंट, म्हणजे विस्थापन, शून्यच.

डोकं शाबूत होतं. पुन्हा पुन्हा वाचलं की ओळी ओळखीच्या होतात आणि आपल्याला येतंय असं वाटतं. ते अगदीच खोटं नसतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्यानंतर मात्र मजकूर न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं.

त्याला सांगितलं, थोडंसं वाच, पुस्तक मिट, कोऱ्या पानावर आठवेल ते तोडक्यामोडक्या मराठीत लिही. राहिलेलं लाल पेनाने भर. इंग्रजी उत्तर त्यानंतर. दुसऱ्या दिवशी आणि पुढच्या रविवारी पुन्हा, पण आधी वाचायचं नाही. हायलायटर आईकडे जमा. आईलाही अट होती, पान तपासायचं नाही. तिलाच ते जास्त जड गेलं. आठवड्यात दोनदा फोन. "अहो, निम्मं पान लालच आहे!"

"असू दे. काय येत नाही ते पेपराच्या आधी कळलं ना?"

घटक चाचणीत २० पैकी ७ चे ११ झाले. आईला कमीच वाटले. तो मात्र वही आणि नवी तक्रार घेऊन आला, इतिहासात १९६० नंतरच्या सगळ्या सनावळ्या लाल! मी कालरेषेसाठी एक आडवी रेघ मारली आणि पेन त्याच्या हातात दिलं.